चॅटबॉटला ऑफिसचं काम सांगताना क्रम कुठे चुकतो

चॅटबॉटने लिहून दिलेलं पत्र किंवा इतिवृत्त कामाचं निघालं नाही की बहुतेक जण संदेशाची भाषा बदलून पाहतात. 'नीट लिही', 'अजून प्रोफेशनल कर', 'पुन्हा कर' असे चार-पाच फेरे होतात. मजकूर दरवेळी थोडा वेगळा येतो आणि मूळ चूक तिथेच राहते. ती चूक संदेश लिहायच्या आधीच झालेली असते. कागद गोळा केलेले नसतात, नेमकं काय हवं ते ठरलेलं नसतं आणि आलेलं उत्तर कशाशी ताडून बघायचं हेही ठाऊक नसतं.

म्हणून इथे कामाचा पूर्ण क्रम देतो आहे. चॅटजीपीटी, जेमिनाय, कोपायलट, क्लॉड यांपैकी काहीही वापरा, क्रम तोच राहतो. मुख्य उदाहरण एकच घेतलं आहे: सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त. ३१ मार्चला वर्ष संपलं की ३० सप्टेंबरपर्यंत ही सभा घ्यावी लागते, त्यामुळे राज्यभरातल्या सोसायट्यांच्या कार्यालयांत हे काम साधारण एकाच सुमारास निघतं, आणि चॅटबॉटकडून ते नेमकं एकाच पद्धतीने बिघडतं. तुमचं काम खरेदी विभागातलं असेल किंवा शाळेच्या कार्यालयातलं, तुमचे कागद या उदाहरणात घालून पाहा.

## टप्पा १: हे काम चॅटबॉटला द्यायचं का ते ठरवा

दोन अटी पुऱ्या होत असतील तरच द्या. मूळ मजकूर तुमच्याकडे हवा आणि उत्तर बरोबर आहे की नाही हे तुम्हाला स्वतः तपासता यायला हवं. टिपणांवरून इतिवृत्त, लांबलचक पत्राचा सारांश, इंग्रजी पत्राचा मराठी मसुदा, दोन कोटेशनांमधल्या अटींची तुलना, एक्सेलचं सूत्र ही सगळी कामं या अटींत बसतात.

'या बाबतीत कायदा काय सांगतो?', 'अमुक विषयावरचा शासन निर्णय क्रमांक दे', 'या सदस्याची व्याजासह थकबाकी किती होते?' ही कामं बसत नाहीत. चॅटबॉट कलम क्रमांक, निकालांची नावं, शासन निर्णयांच्या तारखा अगदी खऱ्या वाटतील अशा रचून देतो. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला, कारण त्यांनी चॅटजीपीटीने दिलेले, कधीच न झालेले निकाल न्यायालयात सादर केले होते. आपल्याकडे ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर आकारणीचा एक आदेश रद्द केला. त्या आदेशाला आधार म्हणून दिलेले तीन निकाल अस्तित्वातच नव्हते. एआयकडून मिळालेलं पडताळल्याशिवाय वापरू नका, हे न्यायालयाने स्पष्ट सांगितलं.

नियमांच्या बाबतीत आणखी एक खोडी आहे. चॅटबॉट जवळचा, पण दुसऱ्याच कायद्यातला नियम उचलून देतो. गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे संस्थेच्या कारभाराच्या नमुना नियमावलीनुसार, वार्षिक सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यायची असते. चॅटबॉट कधी कधी २१ दिवस सांगतो, आणि ती अट कंपनी कायद्यातली आहे. उत्तर ठाम आणि सुबक भाषेत येतं, म्हणून शंकाही येत नाही. नियम हवा असेल तर उपविधींची प्रत समोर ठेवा, संबंधित उपविधी टाइप करून द्या आणि तेवढ्यावरच काम सांगा.

तपासा: 'उत्तर चुकीचं आलं तर मला ते कशावरून कळेल?' याचं उत्तर एका वाक्यात देता येत नसेल तर ते काम चॅटबॉटला देऊ नका.

## टप्पा २: कागद गोळा करा आणि मजकूर खरंच वाचता येतो का ते पाहा

इतिवृत्तासाठी तीन कागद लागतात: सभेत घेतलेली टिपणं, सभेची विषयपत्रिका आणि गेल्या वर्षीचं कायम झालेलं इतिवृत्त. विषयपत्रिका दिली नाही तर चॅटबॉट विषयांचे क्रमांक स्वतःच लावतो. गेल्या वर्षीचं इतिवृत्त दिलं नाही तर मांडणी इंटरनेटवरच्या कुठल्या तरी नमुन्याची येते आणि मग ठरावांचा क्रम तुमच्या वहीशी जुळत नाही.

मराठी मजकुराच्या बाबतीत इथे एक मोठी अडचण आहे आणि फार थोडे जण ती तपासतात. कार्यालयातल्या जुन्या फायली बऱ्याचदा कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असतात. स्क्रीनवर मराठी दिसतं, पण कॉपी करून दुसरीकडे टाकलं की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा ढीग दिसतो. चॅटबॉटला तोच ढीग मिळतो. काही वेळा तो त्यातून अंदाजाने काहीतरी मराठी मजकूर तयार करून देतो, आणि तो तुमच्या फायलीतला नसतो. पीडीएफमधून कॉपी केलेल्या मराठीचंही तसंच होतं. रफार भलत्या अक्षरावर जातो, वेलांटी सुटते, जोडाक्षरं फुटतात.

यावर उपाय सोपा आहे. मजकूर चॅटबॉटला देण्याआधी साध्या नोटपॅडमध्ये पेस्ट करा आणि दोन-तीन ओळी वाचा. वाचता आला तर पुढे जा. फाँटचा गोंधळ असेल तर आधी फाँट कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा. पीडीएफ फुटत असेल तर पानाचा स्वच्छ फोटो द्या आणि पहिलं काम फक्त एवढंच सांगा: 'या फोटोतला मजकूर जसाच्या तसा टाइप कर, काही सुधारू नको, जे वाचता येत नाही तिथे [अस्पष्ट] लिही.' तो टाइप झालेला मजकूर मूळ पानाशी ताडून पाहिल्यावरच पुढच्या कामाला घ्या.

सावधान: हस्ताक्षरातल्या टिपणांचा फोटो दिला असेल तर आकडे एकेक करून बघा. हाताने घाईत लिहिलेला १ आणि ९ चॅटबॉट सहज उलटासुलटा वाचतो, आणि रकमेत तेवढी एक चूक पुरते.

## टप्पा ३: नावं, फ्लॅट नंबर, आधार, पॅन काढून टाका

हा टप्पा सूचना लिहिण्याच्या आधी आहे, कारण एकदा पाठवलेला मजकूर परत घेता येत नाही. सदस्यांच्या थकबाकीची यादी, कर्मचाऱ्यांचे पगार, ग्राहकांचे फोन नंबर, अजून जाहीर न झालेली निविदेची रक्कम यातलं काहीही वैयक्तिक मोफत खात्यावर टाकू नका. २०२३ मध्ये सॅमसंगने कर्मचाऱ्यांना असली साधनं वापरायला बंदी घातली, कारण कंपनीचा सोर्स कोड चॅटजीपीटीत टाकला गेला होता. केंद्रीय अर्थ मंत्रालयानेही जानेवारी २०२५ मध्ये कार्यालयीन संगणकांवर अशी साधनं वापरू नयेत अशी सूचना काढली. तुमच्या कंपनीचा किंवा खात्याचा याबाबतचा नियम आधी विचारून घ्या. नियमच नसेल तर वरिष्ठांकडून निदान ईमेलवर परवानगी घ्या.

काम अडत नाही. नावांच्या जागी 'सदस्य क', 'सदस्य ख', फ्लॅट नंबरच्या जागी 'फ्लॅट १', कंपनीच्या जागी 'पुरवठादार अ' असं लिहा आणि खरी नावं कोणती याची यादी तुमच्या वहीत ठेवा. मसुदा तयार झाला की वर्डमध्ये 'शोधा आणि बदला' करून खरी नावं परत घाला. चॅटबॉटच्या सेटिंगमध्ये तुमचे संवाद मॉडेल सुधारण्यासाठी वापरू द्यायचे की नाही याचा पर्याय असतो. तो बंद करा. मात्र तो बंद केल्यावरही मजकूर त्यांच्या सर्व्हरवर जातोच, म्हणून नावं काढायचं काम टळत नाही.

## टप्पा ४: सूचना लिहा

आता खरा संदेश. इथे एक गोष्ट पक्की लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. चॅटबॉट प्रचंड मजकूर वाचून तयार झालेला असतो आणि अशा प्रकारच्या लिखाणात सहसा पुढे काय येतं ते तो लिहितो. नेहमीचं जे असतं ते तो उत्तम भरतो. तुमच्या प्रकरणात नेहमीपेक्षा वेगळं जे असतं तेच गळतं, आणि ऑफिसच्या कामात महत्त्व त्या वेगळ्यालाच असतं.

समजा सभेतलं टिपण असं आहे:

> विषय ४. लिफ्ट दुरुस्ती. दोन कोटेशन, ३.८५ ला. आणि ४.२० ला. बी विंगचे दोघे विरोधात, अजून एक कोटेशन मागवा म्हणाले. कमी दराचं घ्यायचं ठरलं. पैसे सिंकिंग फंडातून? समितीच्या बैठकीत बघू.

'याचं इतिवृत्त लिही' एवढंच सांगितलं तर साधारण असं येतं:

> सविस्तर चर्चेअंती लिफ्ट दुरुस्तीसाठी रु. ३,८५,००० चे कोटेशन सर्वानुमते मंजूर करण्यात आले. सदर खर्च सिंकिंग फंडातून करण्याचे ठरले.

वाचायला बिनचूक वाटतं आणि शुद्धलेखनही ठीक आहे. पण 'सर्वानुमते' खोटं आहे, कारण दोघांचा विरोध होता. तिसऱ्या कोटेशनची मागणी गायब आहे. सिंकिंग फंडाचा, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी राखून ठेवलेल्या निधीचा, निर्णय झालाच नव्हता, तो समितीवर सोपवला होता. इतिवृत्तांमध्ये 'सविस्तर चर्चेअंती' आणि 'सर्वानुमते' हे शब्द इतक्यांदा येतात की चॅटबॉट ते आपसूक घालतो. हा मसुदा सह्या होऊन वाटला गेला तर विरोध करणारे दोघे निबंधक कार्यालयात तक्रार घेऊन जातील, आणि त्यांचं म्हणणं रास्तच असेल.

हीच टिपणं देताना सूचना अशी लिहा. कॉपी करून तुमच्या कामाप्रमाणे बदला:

> संदर्भ: ही सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हाताने घेतलेली टिपणं आहेत. इतिवृत्त सदस्यांना वाटलं जाईल आणि पुढच्या सभेत कायम केलं जाईल.
>
> काम: विषयपत्रिकेच्या क्रमाने इतिवृत्ताचा मसुदा लिही. प्रत्येक विषयाखाली आधी चर्चा दोन-तीन वाक्यांत, मग ठराव वेगळ्या परिच्छेदात.
>
> आधार: फक्त खालची टिपणं आणि विषयपत्रिका. त्यात नसलेली कुठलीही गोष्ट लिहू नको. सूचक, अनुमोदक, मतांची संख्या, रक्कम किंवा तारीख टिपणात नसेल तिथे [तपासा] लिही.
>
> विरोध आणि अपुरे निर्णय: विरोध झाला असेल तर तो तसाच नोंदव. 'सर्वानुमते' हा शब्द टिपणात असेल तरच वापर. जे पुढे ढकललं आहे ते पुढे ढकललं असंच लिही.
>
> भाषा: साधी कार्यालयीन मराठी, लहान वाक्यं. हेच शब्द वापर: सर्वसाधारण सभा, इतिवृत्त, ठराव, व्यवस्थापक समिती, थकबाकी.
>
> नमुना: गेल्या वर्षीच्या इतिवृत्तातला विषय ३ खाली जोडला आहे. मांडणी तशी ठेव, त्यातला मजकूर घेऊ नको.
>
> लिहिण्याआधी: टिपणात काही अपुरं किंवा परस्परविरोधी असेल तर त्याबद्दल आधी प्रश्न विचार. उत्तरं मिळेपर्यंत मसुदा लिहू नको.

यातल्या प्रत्येक भागाचं काम वेगळं आहे, पण दोन भाग सोडून चालतच नाहीत: 'आधार' आणि 'नमुना'. [तपासा] लिहायची मुभा दिली नाही तर रिकामी जागा भरण्यासाठी चॅटबॉट काहीतरी रचतो. 'माहीत नसेल तर सांग' इतकी मोघम सूचना कमी उपयोगी पडते, कुठल्या कुठल्या गोष्टी नसू शकतील त्यांची नावं घेऊन सांगितलेलं चांगलं. नमुन्याचंही तसंच आहे. 'औपचारिक पण सोपं, फार लांब नको' असं तीन ओळींत वर्णन करण्यापेक्षा तुमच्याकडचा एक चांगला परिच्छेद जोडला तर मांडणी पहिल्याच फेरीत जुळते.

'तू २० वर्षांचा अनुभव असलेला तज्ज्ञ आहेस' अशी सुरुवात करायची पद्धत खूप पसरली आहे. तिने भाषेचा सूर थोडा बदलतो, माहिती वाढत नाही. तेवढे शब्द वाचक कोण आहे आणि हा कागद पुढे कुठे जाणार आहे हे सांगण्यात घाला.

नेहमीची चूक: एकाच संदेशात इतिवृत्त, सदस्यांना पाठवायचा व्हॉट्सॲप मेसेज आणि लिफ्ट कंपनीला पत्र अशी तीन कामं मागणं. तिन्ही अर्धवट येतात. आधी इतिवृत्त पक्कं करा, मग तेच पक्कं इतिवृत्त आधार म्हणून देऊन बाकीची दोन मागा.

## टप्पा ५: त्याने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं द्या

सूचनेतल्या शेवटच्या ओळीमुळे चॅटबॉट आधी प्रश्न विचारेल. 'विषय ४ मध्ये विरोध करणाऱ्यांची नावं नोंदवायची का?', 'निधीचा निर्णय समितीकडे सोपवला असं लिहायचं का?' अशा प्रकारचे. सात-आठ प्रश्न येऊ शकतात. इथे घाई करून 'तुला योग्य वाटेल ते कर' लिहिलं तर टप्पा ४ मधली सगळी मेहनत वाया जाते. ज्याचं उत्तर तुम्हालाही माहीत नाही तिथे सचिवांना फोन करा. सभा होऊन चार दिवसच झालेले असतात, तेव्हा लोकांना आठवत असतं. महिन्याभराने कुणालाच आठवत नाही.

## टप्पा ६: दुरुस्ती नेमकी सांगा, नाहीतर नवीन चॅट उघडा

पहिला मसुदा आला की तो पूर्ण वाचा आणि मगच दुरुस्त्या सांगा. दुरुस्ती सांगताना जागा, काय चुकलं आणि काय हवं या तिन्ही गोष्टी लिहा: 'विषय ४, दुसरं वाक्य: खर्च सिंकिंग फंडातून ठरला असं लिहिलं आहे. टिपणात तो समितीवर सोपवला आहे. तेवढं वाक्य बदल, बाकी मजकुराला हात लावू नको.' शेवटचा भाग विसरू नका. तो नसेल तर चॅटबॉट पूर्ण मसुदा नव्याने लिहितो आणि विषय २ मधली बरोबर असलेली रक्कम नकळत बदलून जाते.

'नक्की का?', 'तुला खात्री आहे?' असे प्रश्न विचारू नका. असं विचारलं की तो बरोबर असलेलं उत्तरही माफी मागून बदलतो. त्याऐवजी विचारा: 'हे वाक्य टिपणातल्या कुठल्या ओळीवरून लिहिलं? ती ओळ जशीच्या तशी दे.' ओळ मिळाली तर वाक्य ठीक, नाही मिळाली तर वाक्य काढून टाका. दिलेली ओळ टिपणात खरंच आहे का हेही शोधून पाहा, कारण ओळसुद्धा रचलेली असू शकते.

तीन दुरुस्त्यांनंतरही तीच चूक येत असेल तर त्या चॅटमध्ये भांडत बसू नका. लांबलेल्या संवादात आधीचे चुकीचे मसुदेही चॅटबॉटच्या समोर असतात आणि तो त्यांतूनच उचलत राहतो. नवीन चॅट उघडा, मूळ सूचनेत ती त्रुटी भरून काढा आणि पुन्हा सुरू करा. कागद तयारच असल्यामुळे याला पाच मिनिटं लागतात.

## टप्पा ७: तपासणी, चॅटबॉट बंद करून

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मसुद्याचा प्रिंट काढा, शेजारी मूळ टिपणं ठेवा, हातात पेन घ्या. क्रम असा ठेवा.

आधी आकडे. प्रत्येक रकमेवर, तारखेवर आणि फ्लॅट नंबरवर मूळ कागदाशी जुळवून खूण करा. बेरीज चॅटबॉटने केली असेल तर ती एक्सेलमध्ये पुन्हा करा. इंग्रजी मजकुरावरून मराठी मसुदा केला असेल तर मिलियनचे लाख करताना शून्य सुटलं नाही ना ते बघा: १ मिलियन म्हणजे १० लाख.

मग तारखा आणि मुदती. 'पूर्ण १४ दिवस' मोजताना नोटीस दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस धरत नाहीत. सभा रविवार, २७ सप्टेंबर २०२६ रोजी असेल तर १३ ते २६ सप्टेंबर हे १४ दिवस मोकळे हवेत, म्हणजे नोटीस १२ सप्टेंबरपर्यंत द्यायला हवी. चॅटबॉटला विचारलं की तो २७ मधून १४ वजा करून १३ सप्टेंबर सांगू शकतो. एका दिवसाची चूक दिसते छोटी, पण सभेवर हरकत घ्यायला तेवढीही पुरते. कॅलेंडर समोर ठेवून बोटाने मोजा. तारखेला कुठला वार येतो तेही बघून घ्या.

मग निर्णयाची क्रियापदं. 'ठरले', 'मंजूर झाले', 'सुचवण्यात आले', 'चर्चा झाली', 'पुढील बैठकीपर्यंत तहकूब' यांच्याखाली रेघ मारा आणि प्रत्येक ठिकाणी टिपणात खरंच तेवढंच आहे का ते पाहा. चॅटबॉट सूचनेचा ठराव करतो आणि शंकेचा निर्णय. 'बघू' हा शब्द त्याच्या हातून सहज 'ठरले' होतो.

मग काय गळलं ते. मसुदा वाचून हे कळत नाही. त्यासाठी उलट दिशेने जा: टिपणातली एकेक ओळ घ्या आणि ती मसुद्यात सापडते का बघा. हे जवळजवळ कुणीच करत नाही. विरोध, अटी आणि 'पण'ने सुरू होणारी वाक्यं इथेच हरवलेली सापडतात.

शेवटी शब्दमर्यादा, असेल तर. चॅटबॉटला '१५० शब्दांत' सांगितलं तरी तो मोजून लिहीत नाही, आणि विचारलं तर चुकीचा आकडाही सांगतो. महाराष्ट्रात माहिती अधिकाराच्या अर्जाला साधारण १५० शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे. अशा वेळी वर्डमधला शब्दांचा आकडाच खरा धरा.

सावधान: चॅटबॉटने लिहिलेलं त्याच चॅटमध्ये त्यालाच तपासायला देणं ही तपासणी होत नाही. दुसऱ्या नवीन चॅटमध्ये मसुदा आणि टिपणं देऊन 'टिपणात नसलेली वाक्यं शोध' असं सांगता येतं आणि त्यातून काही चुका सापडतातही, पण ती वरच्या पाच पायऱ्यांच्या आधीची चाळणी समजा.

## टप्पा ८: मराठी मराठीसारखी करा

मजकूर बरोबर असला तरी भाषा बऱ्याचदा इंग्रजीवरून उतरवलेली असते. 'च्या माध्यमातून', 'सुनिश्चित करण्यात येईल', 'आम्ही आपल्या सहकार्याची प्रशंसा करतो', 'महत्त्वपूर्ण भूमिका बजावते' असली वाक्यं दिसली की काढून टाका. 'समितीच्या माध्यमातून देखरेख सुनिश्चित करण्यात येईल' याऐवजी 'समिती देखरेख ठेवील'. मोठ्याने वाचा. जिथे अडखळाल ते वाक्य मोडून दोन करा.

हिंदीची सरमिसळही होते आणि ती जास्त धोक्याची, कारण लिपी एकच असल्याने डोळ्याला खटकत नाही. इतिवृत्ताचं 'कार्यवृत्त' होतं, सर्वसाधारण सभेची 'आम सभा' होते. थकबाकीदार सदस्याच्या पत्रात 'कार्यवाही' आणि 'कारवाई' यांची अदलाबदल झाली तर पत्राचा अर्थच बदलतो: अर्जावर पुढील कार्यवाही होते, नियम मोडणाऱ्यावर कारवाई होते. म्हणूनच सूचनेत शब्दांची यादी द्यायला सांगितलं. तुमच्या कार्यालयात रोज लागणारे २०-२५ शब्द एकदा लिहून ठेवा आणि प्रत्येक सूचनेला जोडा.

ज्येष्ठ सदस्यांना जाणाऱ्या पत्रात 'आपण' आणि 'तुम्ही' एकाच परिच्छेदात मिसळलेले नाहीत ना, हेही शेवटी बघा. चॅटबॉट मध्येच संबोधन बदलतो आणि वाचणाऱ्याला ते लगेच टोचतं.

## एक्सेलचं काम असेल तर

क्रम हाच, फक्त तीन गोष्टी वेगळ्या. पूर्ण तक्ता देऊ नका. स्तंभांची नावं आणि बनावट आकड्यांच्या दोन-तीन ओळी द्या, सूत्र तेवढ्यावरही मिळतं. तुमच्या एक्सेलची आवृत्ती सांगा, नाहीतर चॅटबॉट एक्सलुकअप वापरून सूत्र देतो आणि एक्सेल २०१६ किंवा २०१९ मध्ये ते चालत नाही. तिथे व्हीलुकअप किंवा इंडेक्स-मॅच मागावं लागतं. आणि मिळालेलं सूत्र पूर्ण यादीवर ओढण्याआधी अशा तीन ओळींवर चालवा ज्यांचं उत्तर तुम्ही हाताने काढलं आहे. त्यांपैकी एक ओळ मुद्दाम अवघड घ्या: शून्य थकबाकी, रिकामा रकाना किंवा आगाऊ भरणा.

## टप्पा ९: चाललेली सूचना जपून ठेवा

काम पूर्ण झालं की ज्या सूचनेने ते झालं ती एका वर्ड फायलीत ठेवा. नाव कामाचं द्या: 'इतिवृत्त सूचना', 'थकबाकी पत्र सूचना'. तपासणीत जी चूक सापडली ती सूचनेत एका ओळीने घाला. 'तारखेचा वार लिहू नको', 'रक्कम अंकात आणि अक्षरी दोन्ही लिही' अशा ओळी दोन-तीन कामांनंतर आपोआप जमत जातात आणि दुरुस्तीच्या फेऱ्या कमी होतात.

फायलीच्या वरच्या ओळीत सूचना कोणत्या उपविधींवर किंवा परिपत्रकावर आधारलेली आहे ते आणि त्याची तारीख लिहा. उपविधी बदलले, समिती बदलली किंवा पत्राचा नमुना बदलला की आधी ही ओळ बघा आणि सूचनेत जोडलेला जुना नमुना काढून नवा घाला. चॅटबॉट तुमच्या नमुन्यावर डोळे झाकून चालतो, त्यामुळे नमुना जुना राहिला तर गेल्या वर्षीच्या सचिवांचं नाव या वर्षीच्या इतिवृत्ताखाली छापलं जातं.